सपाट रस्त्यावरच्या पायऱ्या

छबू शेलार सपाट रस्त्यावर तीन पायऱ्या चढली.

मी तिच्या मागे दहा-पंधरा पावलांवर होते. दुपारचे तीन वाजले होते, एप्रिलचं ऊन डोळ्यांत खुपत होतं आणि वसाहतीचा तो मुरमाचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटपट्टीने आखल्यासारखा सरळ पडला होता. त्यावर चढ नव्हता की उंचवटा. तरी पोरीने उजवा पाय उचलून वर ठेवला, मग डावा, मग पुन्हा उजवा, आणि या तिसऱ्या खेपेला गुडघ्यावर हात टेकून जरा जास्तच उंच. नंतर झाडाच्या खालच्या फांदीतून जाताना वाकावं तशी वाकली आणि सात नंबरच्या बंद दारासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या हातात एक रिकामी वाटी होती.

"छबू," मी हाक मारली.

तिने वळून पाहिलं नाही. मी पुढे होऊन तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवत होती, पण बुबुळ जागचं हललं नाही. बंद दारामागे कुणीतरी श्वास घेत होतं, तो मला स्वच्छ ऐकू येत होता. दार मात्र उघडलं नाही. पाऊण तासाने ओट्याची सावली पायांपर्यंत आली तशी छबू वळली, पुन्हा वाकली, त्या नसलेल्या तीन पायऱ्या उतरली आणि वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला, एकेचाळीस नंबरच्या आपल्या घराकडे चालू लागली. 

मी तेव्हा तेवीस वर्षांची, नोकरीत दोन वर्षं काढलेली नर्सबाई होते. गाव माझं गडहिंग्लजकडचं, नेमणूक झाली ती इकडे दुष्काळी माळावर, नव्या वांजोळ्यात. जुनं वांजोळं घाटातल्या धरणात बुडालं त्याला बारा वर्षं होऊन गेली होती. तिथल्या लोकांना ट्रकांत घालून इथे आणलं होतं आणि चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले होते. चिठ्ठीत निघेल ते घर. त्यामुळे सख्खे भाऊ दोन टोकांना, आणि भिंतीला भिंत लागून कोण, तर ज्याच्याशी जुन्या गावात वर्षातून एकदा जत्रेत रामराम व्हायचा तो. कुणी कुणाच्या दारात बसत नसे. दुपारी त्या रस्त्याने चाललं की इथे माणसं राहतात हे फक्त वळचणीला वाळत घातलेल्या लुगड्यांवरून कळायचं. मी उपकेंद्राच्या खोलीत एकटी राहायचे, आणि दोन वर्षांत 'बाई, जेवलात का' असं मला तिथे कुणी विचारलं नव्हतं.

मलाही त्याचं फार काही वाटत नव्हतं म्हणा. माझा जीव होता माझ्या वजनकाट्यात. महिन्यातून एकदा शाळेत जायचं, पोरं ओळीने उभी करायची, एकेकाला काट्यावर चढवायचं आणि तक्ता भरायचा. आकडा पावशेराने चुकला तर आकाश कोसळेल अशा थाटात मी ते काम करायचे. त्या तक्त्यांतच पहिल्यांदा ते दिसलं. वसाहतीतली पोरं दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत इतर गावांतल्या पोरांसारखीच वाढत होती. बारावं लागलं की त्यातल्या काहींचं वजन घसरू लागायचं. जेवण तुटायचं, डोळ्यांखाली काळं यायचं. आणि मग एक दिवस दुपारी तीनला ते पोर घरातली वाटी उचलायचं आणि वसाहतीतल्या कुठल्यातरी लांबच्या दारासमोर जाऊन उभं राहायचं. प्रत्येकाचं दार ठरलेलं. परत आल्यावर त्यांना यातलं काही आठवत नसे.

रतन मोरेचं आधी सांगायला हवं. ते टाळून पुढे जावंसं वाटतं, पण तसं करून भागणार नाही.

रतन तेरा वर्षांची. ती तेवीस नंबरला, शेवंताबाईच्या दाराशी जायची. तिची आई पारूबाई तिला घेऊन माझ्याकडे आली तेव्हा मी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि मोठ्या ऐटीत निदान केलं. रक्त कमी, त्यात उन्हात भटकते, म्हणून ही अशी गुंगी.

"दुपारी बाहेरनं कडी लावून ठेवा," मी सांगितलं. "चार दिवसांत सवय मोडेल."

पारूबाईने माझं ऐकलं. नर्सबाईने सांगितलं म्हणजे झालं. पुढचे दोन महिने रोज तीन वाजता त्या घराच्या दारावर आतून वाटी आपटल्याचा आवाज यायचा. ठक, ठक, ठक. रडणं नाही, ओरडणं नाही, पाऊण तास नुसती वाटी. शेजारची माणसं त्या वेळेला रेडिओ मोठा करायची. मी एकदा बाहेर उभी राहून ऐकलं आणि मनाशी म्हटलं, आता थोडेच दिवस. पौषात रतन गेली. कागदावर 'तीव्र रक्तक्षय' असं मीच लिहिलं, चांगल्या वळणदार अक्षरात.

त्यानंतर वसाहतीत कुजबुज सुरू झाली. पोर ज्या दारात जातं त्या घरातली बाई करणी करते. शेवंताबाईशी बोलायचं लोकांनी सोडलं. सात नंबरची यसूबाई कदम तर एकटी विधवा, साठीला आलेली, मूलबाळ नाही. तिच्या चौकटीला कुणीतरी लिंबू आणि बिबा बांधून गेलं. तिने तो काढलाही नाही.

छबू बारा वर्षांची होती. फेब्रुवारीत तिचं वजन एकोणतीस किलो होतं, मार्चमध्ये सव्वीस आणि त्या एप्रिलच्या सोमवारी चोवीस. रतन गेली तेव्हा तिचंही वजन चोवीसच होतं. तक्त्यात मागे जाऊन मी दोनदा खात्री केली आणि सायकल काढून तडक आरोग्य केंद्र गाठलं.

"वयात येणाऱ्या पोरी आहेत, असले प्रकार होतात," डॉक्टर खर्शीकर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या वाट्याला तीस गावं होती. "गुरुवारी जीप पाठवतो. जिल्ह्याला मानसिक वॉर्डात ठेवू महिनाभर. तोवर घरात बंद करून ठेवा म्हणावं."

"सर, रतनला बंदच ठेवलं होतं."

"मग? तिला रक्तक्षय होता. रिपोर्ट तुम्हीच लिहिलाय."

तो रिपोर्ट मला आता खरा वाटत नव्हता. म्हणून मंगळवारी दुपारी मी छबूच्या मागे गेले होते. तिची आई अनुसया कडी लावणार होती, तिला मी एक दिवस थांबवलं. आणि छबू परत गेल्यावर मी सात नंबरच्या मागच्या दाराला वळसा घातला.

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. यसूबाई पुढच्या दाराशी, फटीला डोळा लावून अजून तशीच उभी होती. एक हात कडीवर होता. मला पाहून ती दचकली नाही. पदराने तोंड पुसून भिंतीला टेकून खाली बसली.

"गेली न्हवं?" तिने विचारलं.

"गेली. यसूबाई, पोरगी मरायला टेकलीय. तुम्ही दार का उघडत नाही?"

"उगडून काय दिऊ तिला?"

"म्हणजे?"

"वाटी घिऊन आलीया त्ये दिसंना का तुमास्नी? इरजान मागाया आलीया ती. आन् माज्या घरात बारा वरसं इरजान न्हाई."

विरजण! दही लावायला दुधात घालतात तो चमचाभर आंबटपणा.  मग यसूबाई सांगायला लागली, आणि बारा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं म्हणून की काय, तिचं सांगणं थांबेचना.

जुन्या वांजोळ्यात कुणी आपल्या घरचं विरजण आपल्या दुधाला लावत नसे. ते शेजारच्या घरून आणायचं. हिचं तिच्याकडून, तिचं तिच्या पलीकडच्या घरून, असं करत करत ते सगळ्या गावाला वळसा घालून परत पहिल्या घरी यायचं. गावाचं दही एकच. आणि ते आणायचं काम घरातल्या बारा वर्षांच्या पोराचं. बारावं लागलं की पोराच्या हातात वाटी यायची, लग्न होईपर्यंत किंवा पाठचं भावंड बारा वर्षांचं होईपर्यंत ती त्याच्याकडे असायची. वेळही ठरलेली होती, दुपार कलली की. दिवेलागणीनंतर विरजण कुणी कुणाला देत नाही, ते तर आमच्याकडेही पाळतात.

"आन् ह्या छबीचं घर माज्या खालच्या अंगाला हुतं," यसूबाई म्हणाली. "त्यांच्या अंगनातनं तीन पायऱ्या चडल्या की माजा फनस, आन् फनसाच्या फांदीखालनं वाकलं की माजा उंबरा. तिसरी पायरी उंच हुती. ह्यांनी घातली तवा दगूड मोठा निगाला. तुमी बगितलं न्हवं, तिसऱ्या टायमाला तिनं गुडघ्याव हात ठिवला?"

मी मान हलवली. 

"तिची आय ठेवायची तसाच हात."

"छबूने तो उंबरा पाहिलाय कधी?"

"कसा बगंल? हितं आल्यावर म्हैन्यानं जल्मली ती. आनुशी तवा पोटुशी हुती, टरकात बसाया हुईना तिला."

बाहेर वाऱ्याने पत्रा वाजला तसे आम्ही दोघी दाराकडे पाहायला लागलो.

"मग इथे आल्यावर तुम्ही पुन्हा का नाही सुरू केलं?" मी विचारलं.

तिने कपाळावर हात मारून घेतला. "सुरू कुनी करायचं, बाय? गाव सोडायच्या दिवशी समद्यांनी आपापली दह्याची गाडगी वतून, घासून टरकात घातली. आपलं इरजान काय, शेजारीन दील की. शेजारनीला वाटलं, तिची शेजारीन दील. हितं उतरलो आन् बगतो तर कुनाकडंच न्हाई. शेजारबी बदालला. भायेरनं इकत आनावं तर पयलं आनायचं कुनी? जी आनंल तिनं शेजारनीचं नाव टाकलं आसं हुतंय. मंग जो त्यो वाट बगत बसला. बसलाया आजून. पोरं इकतचं दही खात्यात शेरातलं, पिसवीतलं."

"आणि एवढ्यासाठी तुम्ही दार लावून बसलात?"

"रिकाम्या हातानं दार उगडायचं न्हाई. वाटी घिऊन आलेल्या पोराला मोकळं धाडलं तर त्ये पोर त्या घराला परत कदी लाबत न्हाई, आसं हाय आमच्यात." तिचे डोळे भरून आले. "रोज हात कडीवर जातुया. रोज मागं घेती. मला वाटतंय, दार न्हाई उगडलं तर निदान उद्या यील तरी."

मग तिने सहज, मला आधीच माहीत असेल अशा सुरात एक गोष्ट सांगितली.

"आन् इरजान नुसतं वाटीत टाकून द्यायचं नसतंय. आदी पोराच्या कपाळाला हात लावायचा. जेवलास का इचारायचं. त्यानं सांगितल्याबिगार वाटी भरायची न्हाई. कुनाचं प्वार वाळाय लागलंय, कुनाच्या डोळ्यात पिवळं आलंय, कोन घरात मार खातंय, आयच्या आदी शेजारनीला कळायचं. रोज हात लावल्याव कळनार न्हाई व्हय?"

दोन वर्षं मी त्या पोरांना काट्यावर चढवत होते आणि उतरवत होते. रतनच्या पापण्या मी ओढून पाहिल्या होत्या. तिच्या कपाळाला मी हात लावल्याचं मला आठवेना.

"रतन शेवंताबाईकडे जायची," मी कशीबशी म्हणाले.

"व्हय. त्यांची परसं एक हुती." यसूबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. "शेवंता आजून रोज तीनाला दाराच्या मागं उबी ऱ्हाती. आवाज यायचा त्यो बंद झाला तरी."

मी उठले. मला तिथे बसवेना. मागच्या दाराशी गेले आणि पाठमोरीच म्हणाले, "माझ्याकडे दही असतं. आईने घरून दिलेलं विरजण आहे, दोन वर्षं मी तेच लावतेय. ते चालेल का?"



"तुमी आमच्या गावच्या न्हवं," ती सावकाश म्हणाली. "म्हंजी तुमच्याकडनं घेतलं तर कुनाचं नाव टाकल्यागत हुनार न्हाई."

त्या संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, यसूबाई वाटी घेऊन घराबाहेर पडली. तिच्या घरापासून उपकेंद्र म्हणजे अख्खी वसाहत पार करायची. एकेक दार किलकिलं होत गेलं. एका बाईने पोराला ओढून आत घेतलेलं मी पाहिलं. यसूबाई माझ्या पायरीशी येऊन उभी राहिली. मी चमचा घेऊन पुढे झाले तशी ती म्हणाली, "आदी हात लावा."

माझ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट वयाच्या त्या बाईच्या कपाळाला मी हात लावला. कपाळ तापलेलं होतं.

"जेवलात का?" मी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "सकाळधरनं न्हाई."

मी तिला आधी भाकरी वाढली, मग वाटीत चमचाभर दही घातलं.

गुरुवारी सकाळी दहालाच जीप आली. ड्रायव्हर चांगला होता, त्याला मी सांगितलं की कागद तयार व्हायला वेळ लागेल, तोवर झाडाखाली झोप. कागद माझ्या पिशवीत होते. असं खोटं मी नोकरीत पहिल्यांदा बोलले, आणि छान जमलं. यसूबाईचं दही बुधवारीच लागलं होतं, पण त्या दिवशी अनुसयाने छबूला कोंडून ठेवलं आणि मला कळेपर्यंत वेळ टळून गेली. गुरुवारी तीनच्या जरा आधी मी पोचले तेव्हाही बाहेरून कडी होती आणि अनुसया ओट्यावर बोचकं बांधत बसली होती.

"वहिनी, तीन वाजता कडी काढा," मी म्हणाले. "यसूबाई आज दार उघडणार आहेत."

अनुसया बोचकं सोडून उभी राहिली. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"पारूबायला तुमीच सांगितलं हुतं न्हवं, कडी लावा म्हनून? तिनं लावली. आता मला सांगताय, काडा. तुमी सांगायचं आन् आमी लावत-काडत ऱ्हायचं. पोरी कुनाच्या जात्यात?"

तिचं खरं होतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "रतनच्या वेळी माझं चुकलं, वहिनी. आज पुन्हा चुकलं तर जीप उभीच आहे, घेऊन जा. पण मला एकदा तीन वाजू द्या."

तिने सात नंबरच्या दिशेला पाहिलं. मग विचारलं, "काकीनं इरजान लावलंया?"

"तुम्हाला माहीत होतं? छबू कशासाठी जाते ते?"

"आमास्नी समद्यांनाच म्हाईत हाय," अनुसया म्हणाली. "बोलायचं कुनी?"

तेवढ्यात आतून वाटी वाजली. ठक. अनुसयाच्या अंगाला झटका बसला. दुसरी ठक व्हायच्या आत तिने कडी काढली होती.

छबू बाहेर आली. काड्यांसारखे पाय, परकर कमरेला दोनदा गुंडाळलेला. आमच्या मधून ती आम्ही तिथे नसल्यासारखी निघून गेली. अनुसया आणि मी मागे. त्या दुपारी सात नंबर सोडलं तर वसाहतीतलं झाडून प्रत्येक दार उघडं होतं आणि प्रत्येक दारात माणूस होतं. तिच्या अनवाणी पायांचा मुरमावर होणारा आवाज तेवढा येत होता. सात नंबर आलं. उजवा पाय. डावा. मग गुडघ्यावर हात आणि तिसरी, उंच पायरी. शेजारी अनुसयाने हुंदका गिळला. पोर वाकली, दारासमोर उभी राहिली.

कडी वाजली आणि दार उघडलं.

यसूबाईने आधी तिच्या कपाळावर हात ठेवला. "जेवलीस का गं?"

छबू काही बोलेना. यसूबाईने हात काढला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग छबूची बुबुळं हळूच वर वळली. तिने यसूबाईला पाहिलं, दाराच्या चौकटीवरचा लिंबू-बिबा पाहिला, हातातली वाटी पाहिली, आणि झोपेतून उठल्यासारख्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "न्हाई. लय भूक लागलीया, काकी."

यसूबाईने वाटीत चमचाभर दही घातलं आणि तिला हाताला धरून आत नेलं. अनुसया मटकन रस्त्यावर बसली आणि ऊर फुटेस्तोवर रडली. जीप रिकामी परत गेली. डॉक्टरांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागवला, तो मी दिला, काय लिहिलं ते आता आठवत नाही.

दही लागायला एक रात्र जाते, म्हणून रिंगण एका दिवसाला एकच घर पुढे सरकत होतं. शुक्रवारी अनुसयाच्या घरून पुढच्या घरी, शनिवारी त्यापुढच्या. ज्या घरची पाळी येई तिथलं पोर त्या दिवशी शुद्धीवर यायचं आणि खायला मागायचं. मे महिन्याच्या वजनात छबू साडेसव्वीस भरली. लोक ओट्यांवर बसायला लागले. यसूबाईच्या दाराचा लिंबू-बिबा कुणी काढला ते कळलं नाही, ज्याने बांधला त्यानेच काढला असणार.

अकराव्या दिवशी विरजण शेवंताबाईच्या घरी पोचलं आणि तिथे थांबलं.

शेवंताबाईचं दही लागलेलं होतं, पण ते न्यायला यायचं होतं मोरेंच्या घरून, आणि रतन तर पौषातच गेली होती. पारूबाईला दुसरं मूल नव्हतं. मोरेंच्या पुढे सखाराम जाधवाचं घर, तिथला किसन तेरा वर्षांचा. तो अजून रोज तीनला वाटी घेऊन पारूबाईच्या दारासमोर येऊन उभा राहत होता. त्याचं वजन सत्तावीस होतं. पारूबाईच्या घरात विरजण आल्याशिवाय त्याला ते मिळणार नव्हतं, आणि पारूबाई दार लावून बसली होती. लोकांनी तिला दोष दिला नाही. सगळे नुसते थांबले.

दोन दिवस मी खोलीत येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला मोरेंच्या दारात गेले.

पारूबाईने दार उघडलं. मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. तिचं तोंड पाहिलं आणि त्यातलं एक अक्षर आठवेना.

"पारूबाई," मी म्हणाले, "रतनची वाटी द्या."

मी नजर खाली घातली तेव्हा दाराच्या आतल्या अंगाला, पोराच्या छातीच्या उंचीवर, लाकडात ठोकून ठोकून पडलेले चंद्रकोरीसारखे खड्डे दिसले. पारूबाई आत गेली. परत आली ती वाटी घेऊन. पितळेची, एका बाजूने काठ चेपलेला. तिने ती माझ्या हातात दिली आणि बाजूला झाली.

मी चालू लागले. मोरेंच्या घरापासून तेवीस नंबर फार लांब नाही, दोनशे पावलं असेल. लोक दारांत उभे होते, त्यांच्याकडे पाहायची माझी छाती नव्हती. मी रस्त्याकडे पाहत होते. सरकारी आखणीचा सरळ, सपाट रस्ता. शेवंताबाईचं दार सात-आठ पावलांवर आलं आणि माझा डावा पाय आपोआप वर उचलला गेला. तो जमिनीवर टेकला नाही. कशावर तरी टेकला. मग उजवा. दोन पायऱ्या मी चढले, आणि दुसरी पायरी पायाखाली जरा डुगडुगली. मी डावीकडे हात टाकून तोल सावरला आणि हाताला ओलसर, शेवाळलेला दगड लागला.

तिथे दोन पायऱ्या होत्या हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

दार मी पोचण्याआधीच उघडलं. शेवंताबाई उंबऱ्यात उभी होती. तिने माझ्या हातातल्या चेपलेल्या वाटीकडे पाहिलं, मग हात पुढे करून माझ्या कपाळावर ठेवला. गार, खरबरीत हात. मी लहान पोरीसारखी रडायला लागले.

"जेवलीस का?" तिने विचारलं. मी 'नाही' म्हणून मान हलवली.

"लय उशीर केलास गं, रतन," ती म्हणाली, आणि वाटी भरली.